उंबऱ्याच्या आतला इतिहास : श्याम बेनेगल यांच्या चार चित्रपटांविषयी

ऐतिहासिक चित्रपट म्हटलं की मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे काय येतं, ते बरंचसं ठरलेलं आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. तेव्हापासून भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’पर्यंत आणि तिथून आजच्या भव्य लढायांपर्यंत गड, दरबार, खलिते आणि तलवारी यांनीच हा पडदा भरलेला आहे. त्या परंपरेत फार मोठं काम झालं आणि आपल्यातल्या अनेकांना इतिहासाची पहिली ओढ तिनेच लावली. श्याम बेनेगल यांचे गतकाळावरचे चित्रपट मात्र या परंपरेत बसत नाहीत. ‘जुनून’मध्ये १८५७ चा उठाव आहे, पण त्यातला बराचसा भाग हवेलीच्या चौकात, पडद्यामागे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी घडतो. ‘त्रिकाल’मध्ये गोव्यातली ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता शेवटच्या घटका मोजते आहे आणि ज्या घरात आपण बसलो आहोत ते घर यजमानाच्या मर्तिकात गुंतलेलं आहे.

हे योगायोगाने झालेलं नाही, असं माझं म्हणणं आहे. ‘भूमिका’ (१९७७), ‘जुनून’ (१९७८), ‘त्रिकाल’ (१९८५) आणि ‘झुबेदा’ (२००१) हे चार चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्यांतून एकच धागा वर येतो. बेनेगल यांच्या कॅमेऱ्यासाठी इतिहास हा घराबाहेर घडणारा आणि घराच्या आत भोगला जाणारा प्रकार आहे. तो भोगणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते, आणि तिला घराबाहेरच्या घडामोडींवर हुकमत नसते. तरीही ती त्या घडामोडींशी काहीतरी व्यवहार करते. कुणी त्यांच्याशी सौदा करते, कुणी त्या मानायलाच नकार देते, कुणी घरच सोडून निघते. त्या व्यवहाराचा शोध घेणं हा पुढच्या पानांचा हेतू आहे.

एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट का घ्यायचे, याचंही उत्तर द्यायला हवं. एकाच काळावरचे वेगवेगळ्या दिग्दर्शकांचे चित्रपट तोलले तर काळ अधिक स्पष्ट होतो. वेगवेगळ्या काळांवरचे एकाच दिग्दर्शकाचे चित्रपट तोलले तर त्याच्या डोक्यात घर करून बसलेला प्रश्न स्पष्ट होतो. बेनेगल यांच्या बाबतीत ही तुलना आणखी सोपी होते, कारण त्यांची माणसं फारशी बदलत नाहीत. ‘भूमिका’ आणि ‘जुनून’ गोविंद निहलानींनी चित्रित केले. ‘भूमिका’, ‘जुनून’ आणि ‘त्रिकाल’ या तिन्हींचं संगीत वनराज भाटियांचं. नसीरुद्दीन शाह आणि कुलभूषण खरबंदा याच तिन्हींत आहेत. माणसं तीच आणि काळ वेगळा असला की बदललेली गोष्ट चटकन नजरेत भरते.

बेनेगल हैदराबादजवळच्या त्रिमुलघेरीत १४ डिसेंबर १९३४ रोजी जन्मले आणि २३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत वारले. घर कोंकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वतांचं, वडील छायाचित्रकार. निजामाच्या राज्यात बालपण गेलेला, जाहिरातपटांतून पुढे आलेला हा माणूस १९७४ साली ‘अंकुर’ घेऊन आला. ‘अंकुर’ आणि त्यानंतरचा ‘निशांत’ हे सामाजिक चित्रपट म्हणून ओळखले जातात, पण खरं तर तेही गतकाळातले आहेत. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला ‘निशांत’ तर १९४५ सालच्या सरंजामी मुलखात घडतो, म्हणजे तेलंगणातला सशस्त्र उठाव पेटण्याच्या जरासं आधी. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, पात्रांना नसतं. बेनेगल यांनी ही दरी पुढे वारंवार वापरली.

आता ‘भूमिका’. मराठी वाचकाला याची पाळंमुळं सांगायला नकोत. हंसा वाडकर यांचं ‘सांगत्ये ऐका’ हे अरुण साधू यांनी शब्दांकन केलेलं आत्मकथन ‘माणूस’मधून लोकांसमोर आलं, नंतर त्याचं पुस्तक झालं आणि मराठी घरांत त्यावर बरीच कुजबुज आणि बरेच वाद झाले. प्रभातच्या ‘संत सखू’तली सखू, ‘लोकशाहीर रामजोशी’तली बया आपल्या आयुष्यातले पुरुष, दारू आणि पळापळ इतक्या सरळपणे सांगते, हे अनेकांना पचलं नाही. बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांनी या पुस्तकावरून पटकथा रचली, नावं बदलली, भाषा हिंदी केली आणि हंसाबाईंची उषा झाली. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला.

‘भूमिका’त काळ दाखवायच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या दोन्ही पुढच्या चित्रपटांना पुरून उरल्या. पहिली फिल्मचीच. उषाचं वर्तमान रंगीत आहे, बालपण कृष्णधवल. कोंबडीमागे धावणारी ती छोटी पोर आपण पाहतो ती जुन्या चित्रपटाच्या पोतात. नटीचं आयुष्य सिनेमाच्याच इतिहासातून सांगायचं, ही कल्पना कागदावर हुशारीची वाटेल. पडद्यावर ती दुःखाची वाटते, कारण उषाला स्वतःची आठवणसुद्धा स्टुडिओनेच दिल्यासारखी आहे. वनराज भाटियांची गाणी हेच काम करतात. प्रत्येक दशकाच्या सिनेसंगीताची चाल, वाद्यमेळ, गायकीचा बाज त्यांनी असा धरला आहे की कोणतं गाणं कोणत्या काळात आलं असेल ते कानालाच कळतं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकलेल्या माणसाने जुन्या मुंबईच्या स्टुडिओतला आवाज असा हातात धरावा, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरी तऱ्हा रेडिओची. घरात भांडण चालू असतं, पैशांवरून नवरा केशव दळवी कुरकुरत असतो आणि कुठेतरी मागे बातम्या ऐकू येतात. देशात आणि जगात मोठं काहीतरी घडतं आहे, पण उषाला आज शूटिंगला जायचंय, कारण ती गेली नाही तर घर चालत नाही. इतिहास इथे शेजारच्या खोलीतल्या आवाजासारखा आहे. त्याच्याकडे कुणी कान देत नाही आणि तो थांबतही नाही. पुढे उषा ज्याच्याकडे राहायला जाते त्या विनायक काळेच्या वाड्यात तर तो आवाजही उरत नाही. तिथे उषाला मान आहे, दागिने आहेत, मूल आहे, अंथरुणाला खिळलेल्या पहिल्या बायकोची सोबत आहे. फक्त दिंडी दरवाजातून बाहेर पाऊल टाकायची मुभा नाही. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं लोटली आहेत आणि एका बाईला जत्रेला जायचं तरी परवानगी मागावी लागते. अमरीश पुरींनी काळेला कुठेही खलनायक केलेलं नाही. तो शांत, सभ्य, देवधर्म करणारा गृहस्थ आहे आणि आपण काही गैर करतो आहोत हे त्याच्या मनालाही शिवत नाही. म्हणूनच तो वाडा इतका भयंकर वाटतो.

‘भूमिका’नंतर लगेच आलेला ‘जुनून’ वेगळ्या तोलाचा. निर्माते शशी कपूर, पैसा जास्त, घोडे, तोफा, पोशाख. रस्किन बाँड यांच्या ‘अ फ्लाइट ऑफ पिजन्स’ या कथेवर तो आधारलेला आहे. ३१ मे १८५७ च्या रविवारी शाहजहानपूरच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना हल्ला होतो, रूथ या फिरंगी मुलीचे वडील मारले जातात आणि ती, तिची आई व आजी आधी लाला रामजीमल यांच्या घरात लपतात. नंतर जावेद खान हा कबुतरांचा वेडा पठाण त्यांना उचलून आपल्या हवेलीत आणतो, कारण रूथवर त्याचा जीव जडला आहे. चित्रपटाचा पुढचा भाग म्हणजे त्या हवेलीतल्या बायका : जावेदची बायको फिरदौस, त्याची खाला, आणि तिन्ही फिरंगी स्त्रिया. आजीचं काम इस्मत चुगताईंनी केलं आहे आणि संवादलेखनातही त्यांचा हात आहे, हे माहीत असलं की त्या बायकांच्या बोलण्यातली धार कुठून आली ते समजतं.

या चित्रपटाचा कणा म्हणजे जेनिफर केंडल यांनी केलेली रूथची आई, मरियम. जावेद लग्नाची मागणी घालतो. नकार द्यायची ताकद मरियमकडे नाही, होकार द्यायची तयारी नाही. मग ती दिल्ली पणाला लावते. दिल्ली बंडवाल्यांच्या हाती राहिली तर रूथ तुझी, इंग्रजांनी परत घेतली तर हा विषय संपला. एका आईने मुलीसाठी काढलेली ही पळवाट आणि त्याच वेळी दिल्लीच्या तटाखाली सुरू असलेला रक्तपात या दोन गोष्टी बेनेगल एका वाक्यात बांधतात. आपण लढाई पाहत नाही, लढाईच्या बातमीची वाट पाहतो. बातमी येते ती नसीरुद्दीन शाह यांच्या सरफराजच्या तोंडून, आणि तो हरलेल्या दिल्लीचा संताप जावेदच्या कबुतरखान्यावर काढतो. पिसांनी भरलेल्या त्या दृश्यात १८५७ चा पराभव जितका अंगावर येतो, तितका नंतरच्या प्रत्यक्ष लढाईतही येत नाही. माझ्या मते ‘जुनून’ची खरी कमजोरी तिथेच आहे. शेवटच्या भागात बेनेगल उंबरा ओलांडून रणांगणात जातात आणि त्यांचा चित्रपट इतर चित्रपटांसारखा होतो.

इथे थोडं थांबून सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाड़ी’ची आठवण काढायला हवी. तो १९७७ चा, ‘जुनून’च्या आदल्याच वर्षीचा, आणि त्यातलं लखनौ १८५६ चं. दोन्हींत शबाना आझमी घरात बसून राहिलेल्या बायकोच्या भूमिकेत आहेत. राय यांची खुर्शीद नवऱ्याचं लक्ष बुद्धिबळाच्या पटावरून आपल्याकडे वळावं म्हणून धडपडते, बेनेगल यांची फिरदौस नवऱ्याचं लक्ष एका परक्या मुलीवरून वळावं म्हणून. राय यांच्या चित्रपटात मात्र जनरल औट्राम आणि वाजिद अली शाह समोरासमोर बसतात आणि सत्तेचा हिशेब आपल्यासमोर मांडला जातो. ‘जुनून’मध्ये अशी खोलीच नाही. ही निवड दोघांच्या स्वभावातून आलेली आहे, यात कुणाला वरचढ ठरवायची मला गरज वाटत नाही. पुढे बेनेगल यांच्यासोबत दीर्घ काळ लेखन करणाऱ्या शमा ज़ैदी ‘शतरंज’च्या संवादलेखनात होत्या, एवढी नोंद पुरे.

‘त्रिकाल’ हा माझ्या लेखी या चारांतला सर्वांत मोठा चित्रपट. साल १९६१. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या लोटली गावातल्या वाडवडिलांच्या घरात तो चित्रित झाला आणि त्या घराशिवाय त्याची कल्पनाच करता येत नाही. लांब सोपे, कोरीव खुर्च्या, भिंतींवरची पूर्वजांची चित्रं, आणि छायालेखक अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडात उभे केलेले चेहरे. एर्नेस्तो सोझा सुवारिस वारला आहे. त्याची विधवा दोना मारिया मात्र हे मानायला तयार नाही. लीला नायडू यांनी ती अशी केली आहे की तिचा हट्ट वेडेपणाचा वाटत नाही, घराण्याच्या शिस्तीचा वाटतो. ती जुन्या तबकड्या लावते, नातीची सोयरीक अडवून धरते आणि मिलाग्रेनिया या मोलकरणीला माध्यम करून नवऱ्याचा आत्मा बोलावते. मिलाग्रेनिया त्याच नवऱ्याची अनौरस मुलगी आहे, आणि हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

नवरा येत नाही. येतो तो या घराण्याच्या पूर्वजाने ज्याचा घात केला त्या राणे बंडखोराचा आत्मा. सत्तरीच्या राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध पुन्हा पुन्हा बंडं केली, हे गोव्यातल्या आणि कोकणातल्या वाचकाला ठाऊक आहेच. बेनेगल यांनी तो इतिहास कुठल्याही पात्राच्या तोंडी व्याख्यान म्हणून घातलेला नाही. दिवाणखान्यात बसलेल्या बाईसमोर त्यांनी तो हिशेब मागायला उभा केला. तळघरात लिओन हा तुरुंगातून निसटलेला स्वातंत्र्यसैनिक लपलेला आहे. म्हणजे वर मृत नवऱ्याची वाट पाहणं चालू आहे, मधल्या मजल्यावर सोयरीक आणि जेवणावळी, आणि जमिनीखाली उद्या. सोझा सुवारिसांच्या घरातली चर्चा मात्र लिस्बनला जायचं की इथेच राहायचं आणि नात अ‍ॅनाचं लग्न एराज्मोशी कधी लावायचं याचीच आहे. बेनेगल यांना ‘त्रिकाल’साठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांना सर्वांत शोभणारा पुरस्कार हाच.

तरीही या चित्रपटात एक गोष्ट मला सलते, आणि ती सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. लोटलीच्या त्या घरात सगळे हिंदी बोलतात. पोर्तुगीज आणि कोंकणी या दोन भाषांच्या मधल्या रेषेवरच त्या समाजाची सगळी प्रतवारी उभी होती. कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतो, यावरून मालक आणि मुंडकार, पाहुणा आणि नोकर ठरत. ती रेषा हिंदीत पुसली जाते. रेमो फर्नांडिस यांच्या गाण्यांतून गोवा परत येतो, पण जेवणाच्या टेबलावर तो कमी पडतो. व्यापारी अडचणी मला समजतात, तरीही घरात कोंकणी बोलत वाढलेल्या दिग्दर्शकाने कोंकणी इतकी दूर ठेवावी, याची हळहळ वाटते. ‘जुनून’मध्ये उर्दू आणि इंग्रजी यांची अशी ओढाताण बेनेगल यांनी किती सुंदर वापरली होती, ते आठवलं की ही हळहळ वाढते.

‘झुबेदा’ला मी उगाच या रांगेत बसवलेलं नाही. ए. आर. रहमान यांची गाणी, करिश्मा कपूर, मनोज बाजपेयी, रेखा हे सारं पाहून अनेकांनी त्याला बेनेगल यांची तडजोड मानलं. त्याची पटकथा खालिद मोहम्मद यांनी स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून लिहिली. हा चित्रपट ‘भूमिका’शेजारी ठेवून पाहावा. उषाला नवरा आणि गरज स्टुडिओत ढकलतात. झुबेदाला तिचा बाप स्टुडिओतून ओढून बाहेर काढतो, आणि तो बाप, सुलेमान सेठ, स्वतः चित्रपटांच्याच धंद्यातला. बापाची भूमिका अमरीश पुरींची. काळेचा वाडा आणि सेठचा बंगला यांच्यामध्ये चोवीस वर्षं आहेत, आवाज तोच आहे आणि दार आतून बंद करण्याची रीतही तीच. फाळणी या चित्रपटात कशी येते तेही पाहावं. कत्तली नाहीत, निर्वासितांच्या रांगा नाहीत. दोन जुने मित्र दिवाणखान्यात बसून भांडतात, एक पाकिस्तानात जायचं ठरवतो, दुसरा नाही म्हणतो, आणि त्या भांडणाची किंमत म्हणून वरच्या खोलीतल्या मुलीचा तलाक होतो. पुढे ती संस्थानिकाची दुसरी राणी होते, संस्थानं विलीन झालेली असतात, महाराजा निवडणुकीला उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर विमानातली जागा आपली असावी म्हणून ती हट्ट धरते. ते विमान परत येत नाही.

आठवणारा कोण, हाही या चारही चित्रपटांना जोडणारा प्रश्न आहे. ‘भूमिका’त नायिका स्वतः आठवते. ‘जुनून’मध्ये आठवणारं कुणीच नाही, सगळं आपल्यासमोर घडतं, आणि शेवटी एवढंच कळतं की जावेद लढताना मेला आणि रूथ पंचावन्न वर्षांनी इंग्लंडात अविवाहितच वारली. ‘त्रिकाल’मध्ये रुइझ परेरा चोवीस वर्षांनी गावात परततो आणि त्याच्या डोळ्यांनी आपण ते घर पाहतो. तो घरातला नव्हता, शिवाय मिलाग्रेनियाला दिवस गेल्यावर तिला टाकून निघून गेलेला होता. म्हणजे सांगणाराच दोषी आहे. ‘झुबेदा’त तर सांगणाऱ्याने आईला नीट पाहिलेलंही नाही. तो इतरांकडून ऐकून तिला जोडत जातो आणि हाती लागतो तो तिच्या अर्धवट चित्रपटाचा एक तुकडा. बेनेगल जसजसे पुढे गेले तसतसा त्यांचा निवेदक घटनेपासून दूर सरकत गेला. ही रेघ अगदी सरळ नाही. मध्ये ‘सूरज का सातवाँ घोड़ा’ आहे, तिथे एकच माणूस त्याच गोष्टी निराळ्या कोनांतून सांगतो, आणि त्यावर पुढे एक स्वतंत्र टिपण आहे. पण दिशा नक्की आहे. सुरुवातीच्या बेनेगल यांना भूतकाळ माहीत होता. नंतरच्यांना तो शोधावा लागत होता.

‘भारत एक खोज’, ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’, ‘नेताजी’ आणि बांगलादेशासाठी केलेला ‘मुजीब’ यांना इथे जागा दिलेली नाही. दूरदर्शनवरच्या ५३ भागांच्या त्या मालिकेचं मोल मोठं आहे, पण तिचा हेतू निराळा होता. चरित्रपटांत बेनेगल इतिहासाच्या मंचावर जातात, आणि मंचावर त्यांचं मन रमत नाही असं मला वाटतं. गांधींवरच्या चित्रपटातले सर्वांत जिवंत प्रसंग दक्षिण आफ्रिकेतल्या घरातले, पल्लवी जोशी यांच्या कस्तुरबा जेव्हा नवऱ्याच्या तत्त्वांपुढे पाय रोवून उभ्या राहतात तेव्हाचे.

पुढचे लेख प्रदर्शनाच्या क्रमाने लावलेले नाहीत. ‘जुनून’ आणि ‘त्रिकाल’ एका जोडीत आहेत, कारण दोन्हींत एक राजवट कोसळते आहे. ‘भूमिका’ आणि ‘झुबेदा’ दुसऱ्या जोडीत, कारण दोन्हींत एका नटीचं आयुष्य आहे. चित्रपटही याच जोड्यांनी पाहिले तर बरं. ‘त्रिकाल’ शक्य तितक्या चांगल्या प्रतीत पाहावा. अशोक मेहतांच्या अंधारात जे ठेवलं आहे ते खराब प्रतीत दिसतच नाही. आणि ‘भूमिका’ पाहण्याआधी ‘सांगत्ये ऐका’ वाचलेलं असेल तर उत्तम. नसेल, तर चित्रपट पाहून चार दिवस जाऊ द्यावेत आणि मग ते पुस्तक हातात घ्यावं, म्हणजे हंसाबाईंचं बोलणं स्मिता पाटील यांच्या आवाजात ऐकू येणार नाही.